दोनशे चौदा कार्डं

चिचखेडीचं डाकघर बंद करण्याचा विचार आहे असं कळवणारं पत्र आलं, तेव्हा त्या आठवड्यात गावात आलेलं ते एकुलतं एक पत्र होतं.

रघुनाथराव पोस्टमास्तरांनी ते रीतसर थैलीतून काढलं, त्यावर रीतसर शिक्का मारला, चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि टपाल वाटणाऱ्या गजेंद्रच्या हाती दिलं. गजेंद्रनं आजवर लोकांचे बरेवाईट कागद घरोघर पोचवले होते, पण हे वाचून तो ओट्यावर मटकन बसला.

"म्हंजे काका, सोमवारपासून पंधरा दिवस टपाल मोजतीन. अन् कमी भरली त आपलं पोस्ट रामाकोन्यात घालतीन?"

"हाव."

"सध्या किती भरते?"

"हे धरून एक."

डाकघर म्हणजे रघुनाथरावांच्या घराची समोरची खोली. एक टेबल, एक स्टूल, शिक्का, लाखेची काडी, पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांचा अंगठा घेणारं मशीन आणि बाहेर लाल पाटी. एकेचाळीस वर्षं ते त्या टेबलामागे बसत आले होते. सेवेची दोन वर्षं उरली होती. आपण गेल्यावर पाटीचं काय व्हायचं ते होवो, पण आपल्या डोळ्यांदेखत ती खिळ्यावरून उतरू नये, एवढंच त्यांचं मागणं होतं. शिवाय रामाकोना नऊ किलोमीटर, मध्ये दोन नाले. सत्तरीपुढच्या शांताबाईंनी अंगठा द्यायला तिथवर जायचं कसं?

रघुनाथराव कीर्तनाचे वेडे. पंचक्रोशीत कुठे सप्ताह असला की पेटीवर तेच. एकदा एका बुवांनी निरूपणात सांगितलं होतं की जगातला पहिला डाकिया म्हणजे मारुतीराया. रामाची अंगठी समुद्रापार नेऊन दिली, आणि नुसती दिली नाही तर सीतामाईचा चूडामणी पोचपावती म्हणून परत आणला. तेव्हापासून रघुनाथराव टपालाच्या थैलीला पाय लागला तर तिला नमस्कार करीत.

त्यात एक गोष्ट घडली. गावातल्या मोबाइलच्या टॉवरच्या बॅटऱ्या चोरीला गेल्या. आठ दिवस झाले, कोणाचाही फोन लागेना. तरणी पोरं पाण्याच्या टाकीवर चढून आभाळाकडे फोन धरून उभी राहू लागली. सगळा गाव हळहळला. रघुनाथरावांनी मात्र देवापुढे हळूच जास्तीची उदबत्ती लावली.

रविवारी मारुतीच्या देवळात भजन संपलं, शिऱ्याचा प्रसाद वाटून झाला आणि रघुनाथराव उभे राहिले.

"मायबापहो, घरटी दोन-दोन कार्डं लिहा. सोयऱ्यायले, लेकीले, भाच्याले. काय लिहाव ते मी सांगतो. आम्ही सर्व येथे कुशल आहोत, तुमची खुशाली कळवावी, सवड काढून एकदा येऊन जावे. बस! एवढ्यावर आपलं पोस्ट वाचते."

"मी कोणाले लिहू?" मागून भिवाजी म्हणाला. भिवाजी म्हणजे गावातला सगळ्यात मोठा संत्र्याचा बगीचावाला आणि सगळ्यात मोठा भांडखोर. "माह्या व्याह्याशी मी चार वर्सांपासून बोलून नाही राहिलो."

"लिवायले बोला लागत नाही न भाऊ."

हे भिवाजीला पटलं. आणि भिवाजीला पटलं म्हणजे गावात दुसऱ्या कोणाला विचारायची गरज नव्हती.

देवळातच कार्डं वाटली गेली. पत्ता कोणत्या बाजूला, मजकूर कोणत्या, यावर पोरापोरींची बरीच चर्चा झाली. एकीनं खाली 'लवकर रिप्लाय कर' लिहून तीन बदाम काढले. म्हाताऱ्यांची कार्डं रघुनाथरावांच्या सुनेनं, सुचितानं, लिहून दिली. अक्षर मोत्यासारखं. सुचिता नागपूरची, एम.कॉम. झालेली. नवरा अंकुर फौजेत, कुठेतरी बर्फात. त्याचा फोन आला तर यायचा, इकडून लागायचा नाही. पांढुर्ण्याला राहणाऱ्या आतेसासूलाही, म्हणजे रघुनाथरावांच्या थोरल्या बहिणीला, जयवंताताईंना, सासऱ्यांच्या वतीनं तिनंच कार्ड लिहिलं.

आता ही कार्डं टाकायची कुठे? डाकघराच्या लाल डब्यात तीन वर्षांपासून गांधीलमाश्यांचं पोळं होतं, आणि टपालच नसल्यामुळे त्यांना कोणी त्रास दिला नव्हता. तेव्हा लोकांनी कार्डं सरळ प्रसादाच्या परातीत टाकली. दोनशे चौदा भरली. तळाशी शिऱ्याचं थोडं तूप राहिलं होतं, तिकडे कोणी पाहिलं नाही.

रघुनाथरावांना मात्र त्याच संध्याकाळी घरातून निघायचं होतं. लोधीखेड्याला सप्ताह बसला होता आणि बुवांचा निरोप आला होता की पेटीवाला आजारी आहे, शेवटचे तीन दिवस रघुनाथरावच पाहिजेत. मोजणी इकडे, कीर्तन तिकडे. ते दारात चप्पल घालत आणि काढत उभे राहिले.

"मामाजी, तुम्ही जा," सुचिता सासऱ्यांना म्हणाली. "मी बसते ना ऑफिसात. शिक्के मारायचे, थैली बांधायची, सील करायची. त्यात काय आहे?"

"गुरुवारी अकरा वाजता निरीक्षकसायेब येणार हायेत व बाई."

"तोपर्यंत तुम्ही येताच."

"येतोच. पण ध्यानात ठेव, टपाल म्हंजे सरकारी कागद. फाटकं, मळकं, दातऱ्या-कातऱ्या काठाचं काही जाता कामा नाही. सायेब विचारतीन. जे जाईन ते साफसूफ गेलं पाह्यजे."

"जाईल, मामाजी."

हे साफसूफचं वाक्य बोलून आपण केवढी आपत्ती ओढवून घेतली, ते रघुनाथरावांना चार दिवसांनी कळणार होतं. तूर्त त्यांनी पेटी खांद्याला लावली आणि मोठ्या आनंदानं बस पकडली.

तीन दिवस असे गेले की विचारू नका. बुवांचा सूर लागलेला, मृदंगावर हात बसलेला, पहाटे काकडा, दिवसा पारायण, संध्याकाळी कीर्तन. काल्याच्या दिवशी बुवांनी त्यांच्या गळ्यात हार घातला. गुरुवारी सकाळी रघुनाथराव सौसरच्या बसस्टँडवर उतरले, तेव्हा त्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते. गार वारा गळ्याला बाधू नये म्हणून दुपट्टा डोक्यातोंडावरून घट्ट गुंडाळलेला, फक्त डोळे उघडे.

चिचखेडीची छोटी बस एरवी अर्धी रिकामी जायची. आज तिच्या टपावरही माणसं बसली होती. आत शिरावं तर बाया पदराचा बोळा तोंडाला लावून बसलेल्या, पुरुषांच्या माना खाली, आणि इतक्या गर्दीत कोणी कोणाशी जागेवरून भांडत नव्हतं. काहीतरी मोठं बिनसलं आहे हे रघुनाथरावांनी तिथेच ओळखलं. शेजारच्या माणसानं सरकून त्यांना टेकायला जागा दिली.

"कुठी चालले, भाऊ?" रघुनाथरावांनी दुपट्ट्याआडून विचारलं.

"चिचखेडीले. मातीले."

"अरे राम! कोनाच्या?"

"भिवाजीच्या. मी वामन, रामाकोन्याचा. व्याही व्हय मी त्यायचा. माणूस भल्ला खडूस होता. पण आता गेला बिचारा, काय बोलाव."

रविवारी तर भिवाजीनं प्रसादाचा दुसरा द्रोण मागून घेतला होता.

"कसे गेले?"

"काय मालूम. फोन त लागून नाही राहिला. काल डाकिया कार्ड घेऊन आला."

रघुनाथरावांचे डोळे भरून आले. आणि त्या भरलेल्या डोळ्यांमागून एक पापी विचार निसटून गेला : म्हणजे टपाल एकानं वाढली. त्यांनी लगेच स्वतःच्या गालावर हलकेच चापट मारली आणि देवाची क्षमा मागितली.

पुढच्या बाकावर पांढरे कपडे घातलेले दोन जण होते. हातात मेणबत्त्यांचा पुडा.

"तुम्हीबी भिवाजीकडेच?"

"नाही जी. आमची मावशी गेली. शांताबाई."

"काय?"

"कार्ड आलं."

मग मागची बाई म्हणाली, माझा चुलता. तिच्या पलीकडची म्हणाली, माझी नणंद. कन्हानचा पूल ओलांडेपर्यंत चिचखेडीतली एकोणीस माणसं वारली होती. रघुनाथरावांना दरदरून घाम फुटला. विहिरीचं पाणी! नाही तर कुठला तरी नवा ताप! तीन दिवस आपण पेटी बडवत बसलो आणि इकडे गाव उठला. घरी एकटी सुचिता. त्या पोरीनं एवढी सगळी कार्डं लिहिली असतील, शिक्के मारले असतील, रडत रडत पोस्ट चालवलं असेल.

तेवढ्यात ड्रायव्हरच्या मागच्या बाकावरून टाहो फुटला.

"माह्या भावा रेऽ, माह्या रघुनाथा रेऽ! पेटी वाजोता वाजोता गेला रेऽ! मले शेवटचं भेटलाबी नाही रेऽ!"

आवाज जयवंताताईंचा होता. त्यात शंकाच नव्हती. त्या आवाजानं रघुनाथरावांना लहानपणी पुष्कळ वेळा झाडावरून खाली उतरवलं होतं.

रघुनाथराव जागच्या जागी गार पडले. त्यांनी आपला हात पाहिला. हात दिसत होता. पण त्यानं काय सिद्ध होतं? तीन दिवस नामस्मरणात गेले होते. काल्याच्या कीर्तनात बुवांनी आळवणी केली, तेव्हा आपल्याला देहाचं भान नव्हतं हे तर खरंच होतं. पुण्यवान माणसाला जाताना कळत नाही म्हणतात. आणि गळ्यात तो हार! हार कशाला घातला होता बुवांनी?

"ओ दुपट्टेवाले बाबा, तिकट बोला," कंडक्टर म्हणाला.

मेलेल्याकडे कोणी तिकीट मागत नाही. रघुनाथरावांना एवढा धीर पुरे झाला. त्यांनी उभं राहून दुपट्टा सोडला.

"ताई, मी हाओ न वो. जित्ता हाओ."

जयवंताताईंनी मागे वळून पाहिलं आणि अशी किंकाळी फोडली की ड्रायव्हरनं बस संत्र्याच्या बगीच्याच्या कुंपणाला नेऊन टेकवली. टपावरचे लोक खाली उतरून चाकं तपासू लागले. ताई पुढे आल्या. त्यांनी भावाचा गाल दाबून पाहिला, नाक ओढून पाहिलं, आणि तो पुरता जिवंत आहे अशी खात्री पटल्यावर त्याच गालावर सणसणीत ठेवून दिली.

"मेला नाही त मंग मेल्याचं कार्ड काहून धाडलं बे?"

"मेल्याचं? ताई, म्या त खुशालीचं धाडलं!"

"खुशालीच्या कार्डाचा कोपरा कापतेत? अन् अक्षर सूनबाईचं! तू जित्ता असता त तूनं सोता लिवलं नसतं काय?"

कोपरा! रघुनाथरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या मुलखात जुनी रीत आहे : घरात कोणी गेलं की सोयऱ्यांना कार्ड जातं आणि त्याचा एक कोपरा फाडलेला असतो. असं कार्ड कोणी घरात नेत नाही की वाचत नाही. कोणाच्या घरून आलं तेवढं पाहायचं, कोण गेलं असेल ते नावावरून ताडायचं, उंबऱ्याबाहेरच फाडून टाकायचं, आंघोळ करायची आणि निघायचं.

"आत काय लिवलं ते वाचलं नाही तुम्ही?" त्यांनी बसभर नजर फिरवत विचारलं.

"कोपरा कापलेलं वाचते काय कोणी?" बस एका सुरात म्हणाली.

"सगळ्यायच्या कार्डाचा कोपरा कापलेला होता?"

"हाव!"

"मंग..." वामन उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आशा होती की निराशा, ते नीट सांगता येत नव्हतं. "मंग आमचा भिवाजी जित्ता हाय?"

बस चिचखेडीच्या पारापाशी थांबली, तेव्हा तिथे आधीच तीन ट्रॅक्टर, दोन मालवाहू टेम्पो आणि पंधरा-वीस मोटरसायकली उभ्या होत्या. अर्ध्या गावात रडारड चालू होती आणि उरलेला अर्धा गाव ती पाहून रडत होता. भिवाजी कडुनिंबाची काडी चावत आपल्या दारात उभा होता. कोणीतरी मेलं आहे हे त्याला समजलं होतं, पण ज्याला विचारावं, तो त्याच्याकडे टक लावून बघे आणि राम राम म्हणत मागे सरके.

"कोण गेलं रे वामन?" चार वर्षांचा अबोला विसरून त्यानं व्याह्याला विचारलं.

"तू."

"म्या? अन् तू खाली हातानं आला? नारळबी नाही आणला?" आणि दोघांचं भांडण चार वर्षांपूर्वी जिथे थांबलं होतं, तिथून पुढे सुरू झालं.

शांताबाईंच्या घरी निराळंच चित्र होतं. भाचे दारात येऊन उभे, आणि शांताबाई चुलीपुढून उठून त्यांच्या तोंडावरून हात फिरवतात.

"तीन वर्सांची बोलावून राहिली मी तुमाले. फोनवर म्हणत, येतो, येतो. आता कार्डाचा कोपरा काय कापला, त दोघंही हजर! बसा आता. वडे करतो."

रघुनाथराव धावत घरी पोचले. सुचिता टेबलामागे ताठ बसली होती. समोर खुर्चीवर निरीक्षक संदीप. पांढुर्ण्याचाच तरुण माणूस, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर फाइल, आणि कान बाहेरच्या रडण्याकडे.

"सुचिता, बाई, कार्डायचे कोपरे..."

"मामाजी!" तिचा चेहरा उजळला. "तुम्हाला आधी सांगणार होते. अहो, थैलीत कार्डं उभी रचली होती ना, तर सोमवारी सकाळी बघते तो खालचा कोपरा उंदरांनी कुरतडलेला. सगळ्या कार्डांचा! तुपाचा वास लागला असेल. तुम्ही म्हणाला होता, फाटकंतुटकं काही जाता कामा नये. मग मी पट्टी लावली आणि कात्रीनं सगळे कोपरे एका मापात कापले. दोनशे चौदाच्या दोनशे चौदा. एक वाकडा नाही."

रघुनाथरावांनी भिंतीला हात टेकला. पोरीला काय म्हणायचं? तिनं त्यांचाच शब्द झेलला होता. नागपूरच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलीनं आयुष्यात पहिलं पोस्टकार्ड रविवारी पाहिलं होतं.

"आणि मामाजी, वरच्या ऑफिसातही किती कौतुक झालं असेल! गजेंद्रभाऊ सांगत होते, तिथल्या जुन्या माणसांनी गठ्ठा पाहिला, डोक्यावरची टोपी काढली आणि बाकी सगळी टपाल बाजूला ठेवून आधी आपली पाठवली."

"ये क्या चल रहा है, मास्टरजी?" संदीपसाहेबांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. राज्याचं सरकारी कामकाज हिंदीत, म्हणून कामाचं बोलताना ते हिंदीत बोलत. "गांव में कुछ हुआ है क्या?"

रघुनाथरावांना खोटं बोलता आलं असतं. पण गळ्यात अजून काल्याचा हार होता. त्यांनी मारुतीरायाचं नाव घेतलं आणि परातीपासून पट्टीपर्यंत सगळं सांगून टाकलं. साहेब ऐकत राहिले. मध्ये एकदा त्यांनी फाइल तोंडापुढे धरली आणि फाइल बराच वेळ हलत राहिली.

"ठीक आहे," शेवटी ते म्हणाले. हसू आवरताना ते मराठीवर आले होते. "गेलेली टपाल दोनशे चौदा. कोपऱ्यासाठी नियमात कुठं काही लिहिलं नाही, तेव्हा मी धरतो. आता आलेली दाखवा."

"आलेली?"

"नुसती गेलेली थोडीच मोजतात, मास्तर? नाही तर कोणीही बसून लिहील आणि पाठवेल. तेवढीच उत्तरं आली पाहिजेत. निदान दीडशे तरी."

गजेंद्रनं थैली उलटी केली. तीन दिवसांत दोन पाकिटं आली होती. एक बँकेची नोटीस, दुसरं बियाण्याच्या कंपनीचं पत्रक.

"लोक उत्तरं लिवतीन, सायेब," रघुनाथराव म्हणाले.

"उत्तरं कशाची लिहितील? उत्तरं तर सगळी स्वतः येऊन बसली आहेत," संदीपसाहेबांनी पाराकडे पाहिलं. "उरलेल्या दिवसांत काय होतं बघा. पुढच्या पुढच्या सोमवारी मी येतो. माझ्या हातात लिहिण्यापलीकडे काही नाही."

ते गेले. रघुनाथराव पाटीखाली ओट्यावर बसले. समोरून त्यांची दोनशे चौदा उत्तरं चहा पिऊन, एकमेकांना शिव्या घालत, मिळेल त्या गाडीनं परत चालली होती. कोणाची संत्र्याची तोडणी राहिली होती, कोणी कापसाचे मजूर माघारी पाठवून आलं होतं. वामन जाताना ट्रॅक्टरवरून ओरडत होता आणि भिवाजी खालून. अंतर वाढलं तसं दोघांनाही एकमेकांचं ऐकू येईना, म्हणून दोघं आणखी चिडले. जयवंताताई तर भावाच्या हातचं पाणीही न पिता गेल्या.

"मामाजी, माझ्यामुळे झालं," सुचिता दारात उभी राहून रडू लागली.

"तुयामुळे नाही व. म्या कीर्तनात जाऊन बसलो न!" ते म्हणाले. त्यांनी तिला आत जायला सांगितलं आणि मग पाटीकडे पाहिलं. खिळा कुठे आहे, तो काढायला पक्कड लागेल की हातानंच निघेल, असले विचार मनात येऊ लागले, तेव्हा ते उठून मारुतीच्या देवळात गेले.

शुक्रवारी थैली रिकामी आली. शनिवारीही. रविवारी सुट्टी. सोमवारी दुपारी गजेंद्र सायकल दामटत आला. त्याच्या पाठीवर थैली फुगलेली.

"काका, कार्डं! साठ हायेत! एकसाथ!"

रघुनाथरावांनी पहिलं कार्ड घेतलं. वामनचं, भिवाजीला. वाचायला लागले आणि दुसऱ्या ओळीला त्यांनी सुचिताला चहा करायला आत पाठवलं.

प्रकार असा झाला होता की ट्रॅक्टरवर तोंडातले शब्द तोंडातच राहिलेली सगळी मंडळी घरी पोचली होती. गुरुवारचा राग कोणाचाच बाहेर पडला नव्हता. चिचखेडीला फोन लावावा तर टॉवर मेलेला. मग करायचं काय? ज्याला त्याला आपल्या गावच्या डाकघराची आठवण झाली. कोणी एक कार्ड लिहिलं, कोणाचं एकात मावलं नाही म्हणून दोन, वामननं तर क्रमांक घालून चार.

आलेली टपाल वाचून दाखवणं हे रघुनाथरावांचं जुनं काम. ज्यांना वाचता येत नव्हतं ती माणसं ओट्यावर जमली. ज्यांना येत होतं तीही जमली. आता देवभक्त माणसानं ही भाषा उच्चारायची कशी? रघुनाथरावांनी तोड काढली. त्यांनी पेटी मांडीवर घेतली आणि कार्डं चालीवर वाचायला सुरुवात केली. न बोलण्याजोगा शब्द आला की तिथे ते नुसता सूर धरीत, आणि ओट्यावरची मंडळी टाळ्या वाजवून 'विठ्ठल विठ्ठल' म्हणत. वामनच्या तिसऱ्या कार्डात तर सलग चार ओळी नामघोषच झाला.

"अजून काय म्हणते तो?" भिवाजी पुढे सरकून म्हणाला.

"अजून म्हणते, चौथ्या कार्डात वाचा."

"वाचा मंग! अन् मले पाच कोरी द्या."

शांताबाईंना भाच्यांचं एक कार्ड आलं. त्यात शिव्या नव्हत्या. वडे चांगले होते, दिवाळीला पुन्हा येतो, एवढंच होतं. त्यांनी ते दोनदा वाचून घेतलं आणि पदराच्या गाठीत बांधलं.

बुधवारी टॉवरला नव्या बॅटऱ्या बसल्या. रघुनाथरावांचा जीव खाली-वर झाला. पण फोन सुरू झाले तरी कार्डं थांबली नाहीत. फोनवर दिलेली शिवी वाऱ्यावर जाते, असं भिवाजीचं म्हणणं पडलं. कार्डावरची चार माणसांना दाखवता येते, उद्या पुन्हा वाचता येते, आणि समोरचा मध्येच फोन कापू शकत नाही.

ठरल्या सोमवारी संदीपसाहेब आले. त्यांनी वही उघडली, गठ्ठे मोजले. आलेली टपाल एकशे ब्याऐंशी.

"ही खरी आहेत ना मास्तर? की तुम्हीच बसून लिहिली?"

"वाचून पाहा, सायेब."

साहेबांनी एक कार्ड वाचलं. मग दुसरं. त्यांचे कान लाल होत गेले. तिसरं त्यांनी पूर्ण केलं नाही.

"खरी आहेत," ते म्हणाले. "असं खोटं लिहिता येत नाही." आणि त्यांनी वहीत, ठळक अक्षरांत, शाखा चालू ठेवण्यास योग्य असल्याचा शेरा मारून खाली सही केली.

रघुनाथरावांनी सही दोनदा पाहिली. मग हात जोडले. साहेबांना की त्यांच्या मागच्या मारुतीच्या कॅलेंडरला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. सुचिता चहा घेऊन आली. साहेबांनी चहा घेतला, फाइल बांधली, पण उठले नाहीत. बाहेर भिवाजी कोऱ्या कार्डांवर वाकून जोरजोरात लिहीत होता. साहेब त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

"मास्तर, एक कार्ड मलाही द्या," ते हळूच म्हणाले.

"घ्या न."

"मोठा भाऊ आहे माझा, वरुडला. सहा वर्षं झाली. फोन केला की उचलत नाही." त्यांनी पेनचं टोपण काढलं, पत्ता नीट लिहिला आणि मग कार्ड उलटं करून तसेच बसले. "काय लिहावं, सुचत नाही. खुशाली विचारू?"

रघुनाथरावांनी आपला चष्मा कपाळावर चढवला आणि अनुभवी माणसाच्या मायेनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"खुशाली खाली लिवा, सायेब. सुरुवात शिव्यायनं करा. उत्तर लौकर येते."